सायकलवरून डॅन्यूबच्या कांठानें

युरोपांतील मोठ्या नद्यांचीं नांवें आपण शाळेंत पाठ केलेलीं असतात. पुढें प्रवासाचा योग आलाच, तर त्यांचें दर्शन बहुधा आगगाडीच्या खिडकींतून घडतें : एक पूल, खालीं रुंद पाणी, आणि पुन्हां शेतें. दर्शन घडतें, परंतु ओळख होत नाहीं. नदीची ओळख व्हावयाची तर तिच्या चालीशीं आपली चाल थोडीबहुत जुळवून घ्यावी लागते. पायीं जाणाऱ्यास दिवसभरांत तिच्या कांठचीं चारपांच गांवें दिसतात; आगगाडी तींच गांवें अर्ध्या तासांत मागें टाकते. या दोहोंच्या मधला जो वेग, तो सायकलचा. ताशीं पंधरा-सोळा किलोमीटर जाणारा आणि वाटेंत दहादां उतरणारा सायकलस्वार एका दिवसांत नदीचा इतका भाग पाहतो कीं, तिचा स्वभाव कोठें बदलला हें त्याच्या ध्यानांत येतें. आणि तो इतक्या सावकाश जातो कीं, स्वभाव कां बदलला हें विचारण्यासहि त्याला सवड मिळते.

अशा एका दिवसाची हकीकत मी आज सांगणार आहें. नदी डॅन्यूब, देश ऑस्ट्रिया, महिना सप्टेंबरचा. प्रवास ग्राइन या लहानशा गांवापासून क्रेम्स या शहरापर्यंत, सुमारें ऐंशी किलोमीटरांचा. आम्ही दोघे मित्र होतों. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकाविलेल्या पिशव्यांत दोन जोड कपडे, पावसाळी अंगरखा, एक जादा ट्यूब, पंप, पाने आणि पंक्चर काढण्याचें सामान, एवढाच आमचा संसार होता. लांबच्या सायकलप्रवासांत याहून अधिक सामान घेणारा मनुष्य पहिल्याच चढावर शहाणा होतो, असें म्हणतात. सुदैवानें या वाटेवर चढ जवळजवळ नाहींच, आणि तो कां नाहीं, हें पुढें सांगतों.

डॅन्यूब जर्मनींतील काळ्या अरण्यांत उगम पावते आणि दहा देशांतून अथवा त्यांच्या सीमांवरून सुमारें २८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्रास मिळते. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियांतील काळ्या समुद्रापर्यंत 'युरोव्हेलो ६' नांवाचा सायकलमार्ग आंखलेला आहे. त्याची लांबी चार हजार किलोमीटरांहून अधिक भरते, आणि तिचा बराच मोठा भाग डॅन्यूबच्या कांठानेंच जातो. त्यांतहि जर्मनीच्या सरहद्दीवरील पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा टापू प्रवाशांना विशेष प्रिय आहे. बहुतेक लोक हा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे करितात. कारण वारा बहुधा त्याच दिशेनें वाहतो, आणि उतारहि, नांवापुरता कां होईना, त्याच दिशेचा असतो.

या वाटेवर नवख्या माणसाचें लक्ष प्रथम वेधून घेतात ते कांठावरील किलोमीटरांचे आंकडे. आपण पुढें जावें तसे ते वाढावयाचे; येथें ते उतरत जातात. ग्राइनपाशीं २०७९, मेल्कपाशीं २०३६, क्रेम्सपाशीं २००२. डॅन्यूबची मोजणी उगमापासून खालीं केलेली नसून मुखापासून, म्हणजे रुमानियांतील सुलिना बंदरापासून, वर करीत आणलेली आहे. नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. डॅन्यूबच्या मोजणीदारांनीं ती जणूं ऐकली होती; कारण हिचा खरा उगम कोणता, याविषयीं काळ्या अरण्यांतील दोन गांवांचा जुना वाद आहे. मुखाविषयीं मात्र असा वाद नाहीं.

आतां वाटेविषयीं. ही वाट मुळांत सायकलकरितां झालेली नाहीं. आगबोटी येण्यापूर्वीं प्रवाहाच्या उलट दिशेनें माल न्यावयाचा म्हणजे नौका कांठावरून दोरांनीं ओढाव्या लागत. मोठ्या तांड्याला तीस-तीस, चाळीस-चाळीस घोडे जुंपलेले असत, आणि एकेका मजलेला दिवसचे दिवस लागत. उलट जाण्याचें हें काम इतकें कष्टाचें कीं, वरच्या अंगाच्या उल्म शहराहून निघणाऱ्या साध्या लांकडी नौका परत नेण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नसे. माल उतरला कीं नौका मोडून तिचें लांकूड तेथेंच विकून टाकीत. दुसरा जोसेफ या सम्राटानें तर देहान्तशिक्षेच्या जागीं नौका ओढण्याची शिक्षा आणली होती. याच नदीवर, खालीं हंगेरींत, साखळदंडांनीं जखडलेले कैदी हें काम करीत, आणि त्यांतले पुष्कळ जण फार दिवस जगत नसत. सम्राटाच्या मृत्यूनंतर १७९० सालीं ती शिक्षा बंद झाली. पुढें १८३० सालीं व्हिएन्ना व बुडापेस्ट यांच्या दरम्यान आगबोट सुरू झाली, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत घोडेहि वाटेवरून नाहींसे झाले.

भरलेली नौका ओढणाऱ्या घोड्याला चढ परवडत नाहीं. म्हणून ही वाट नदीच्या अंगाला चिकटून, सपाट अशी गेलेली आहे. आणि आजच्या सायकलस्वाराला जें सुख मिळतें, तें त्या जनावरांच्या सोयीसाठीं केलेल्या आंखणीचें फळ आहे. सायकलचा मूळपुरुष कार्ल ड्राइस यानें १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें आपलें दुचाकी यंत्र रस्त्यावर आणलें, तें घोड्यावांचून चालणारें वाहन म्हणूनच. घोड्यांनीं सोडलेली वाट शंभर वर्षांनीं सायकलीकडे यावी, हें एका अर्थीं योग्यच झालें.

ग्राइन गांव नदीच्या डाव्या तीरावर आहे. त्याची जुनी समृद्धि संकटावर पोसलेली होती. गांवाच्या खालीं नदी दोन डोंगरांच्या मधून घुसते. तेथें पात्रांत पूर्वीं खडकांच्या रांगा होत्या, आणि त्यांच्या पुढें एक मोठा भोंवरा होता. साऱ्या डॅन्यूबवर नावाडी या जागेला भीत. नौका ग्राइनला थांबावयाच्या, ओझें हलकें करावयाच्या, येथला वाटाड्या घ्यावयाच्या आणि मग देवाचें नांव घेऊन पुढें जावयाच्या. त्या थांबण्यावर गांव सुखी झालें, इतकें कीं, १७९१ सालीं तेथील रहिवाशांनीं एका जुन्या धान्यकोठारांत नाटकगृह थाटलें. तें आजहि उभें आहे. त्याच्या भिंतीपलीकडे गांवचा तुरुंग होता, आणि भिंतींतील झरोक्यांतून कैद्यांनाहि नाटक पाहतां येत असे!

मारिया थेरेसा राणीच्या अमदानींत हे खडक सुरुंगानें फोडण्यास प्रारंभ झाला, आणि एकोणिसाव्या शतकांत तें काम पुष्कळसें तडीस गेलें. जें उरलें तें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. सकाळीं साडेसात वाजतां आम्ही सायकली नावेंत चढवून उजव्या तीराकडे निघालों, तेव्हां धुकें नुकतेंच विरळ होत होतें. ज्या जागेच्या नांवानें नावाडी शतकानुशतकें कांपले, तिच्याच तोंडाशीं पाणी इतकें निश्चल होतें कीं, समोरचा डोंगर त्यांत उलटा उभा दिसत होता. नावेला यंत्र होतें. कारण तिला पुढें ढकलण्याइतका जोर त्या पाण्यांत राहिलेला नव्हता. ही बारीकशी गोष्ट मी मुद्दाम सांगत आहें. तिचा उपयोग पुढें व्हावयाचा आहे.

उजव्या तीरानें वीस किलोमीटरांवर इब्स-पेर्सेनबॉयग येथें तें धरण व वीजगृह लागतें. याचें काम १९३८ सालीं सुरू झालें, महायुद्धांत थांबलें, १९५४ मध्यें पुन्हां हातीं घेण्यांत आलें आणि १९५९ मध्यें पुरें झालें. धरणावरूनच पलीकडे जाण्यास वाट आहे. मधोमध उतरून आम्ही दोन्ही बाजूंना पाहिलें. वरचें पाणी आणि खालचें पाणी यांच्या पातळींत दहा मीटरांहून अधिक अंतर आहे. एक लांबलचक मालवाहू बोट तेथील हौदांत शिरली, मागचा दरवाजा बंद झाला, आणि हौदांतील पाणी सोडतांच ती आमच्या डोळ्यांदेखत सावकाश खालीं बसूं लागली. जेथें पूर्वीं खडकांवर नौका फुटत, तेथून आज शेंकडों टन माल असा निर्वेध उतरतो.

म्हणून धरणाला सरसकट दूषण देणें मला न्याय्य वाटत नाहीं. युद्धानें खिळखिळ्या झालेल्या त्या देशाला विजेची गरज होती, आणि ती नदीनें भागविली. ऑस्ट्रियांत डॅन्यूबची धांव सुमारें साडेतीनशें किलोमीटरांची. तेवढ्यांत जर्मन सरहद्दीवरील योखेनस्टाइनपासून व्हिएन्नांतील फ्रॉयडेनाऊपर्यंत अशीं दहा वीजगृहें आहेत. त्यांतलें शेवटचें १९९८ सालीं पुरें झालें. नदीचा जिना झाला आहे म्हणा ना : एक पायरी, मग लांब सपाट तळें, मग पुन्हां पायरी. परंतु जिन्यावरून पाणी उतरतें, नदी वाहत नाहीं. वाहती नदी आपल्याबरोबर खडी पुढें नेते, तिचे बांध घालते, ते मोडते, पुन्हां घालते. पाणी थबकलें कीं खडी वर अडकते, गाळ तळाशीं बसतो, आणि ज्या माशांना अंडीं घालण्यास स्वच्छ खडी लागते, त्यांचा संसार उठतो. समुद्रांतून वर येणारे प्रचंड स्टर्जन मासे एके काळीं ऑस्ट्रियापर्यंत येत असत. खालीं रुमानिया व सर्बिया यांच्या सीमेवर १९७२ सालीं पुरें झालेल्या मोठ्या धरणानें त्यांची वाट कायमची अडली.

पेर्सेनबॉयगच्या वाड्यांत ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल १८८७ सालीं जन्मला. वाडा नदीवर नुसता झुकलेला आहे. तेथून डाव्या तीरानें मेल्कपर्यंतची वाट सफरचंदांच्या बागांतून आणि मक्याच्या शेतांतून जाते. पलीकडच्या तीरावर पेखलार्न दिसतें. चित्रकार ऑस्कर कोकोश्का याचें हें जन्मगांव. मेल्कच्या वरच आणखी एक धरण लागतें. हें १९८२ सालचें. तें ओलांडून आम्ही मेल्कला पोहोंचलों, तेव्हां दुपारचे बारा वाजत आले होते.

मेल्कच्या खडकावर बेनेडिक्ट पंथाच्या साधूंचा मठ १०८९ सालापासून आहे. आजची पिंवळी भव्य इमारत मात्र १७०२ ते १७३६ या काळांतली. तिचा कारागीर याकोब प्रांडटाउअर ती पुरी झालेली पाहण्यापूर्वींच, १७२६ मध्यें, वारला. मठाच्या सज्जांतून आम्ही खालीं पाहिलें. तेथून दिसणारें पाणी सकाळच्या पाण्यासारखें नव्हतें. त्यावर सुरकुत्या होत्या.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतच्या छत्तीस किलोमीटरांना वाखाऊ म्हणतात. या भागांत एकहि धरण नाहीं. पूल ओलांडून डाव्या तीराला लागल्यावर पांचच मिनिटांत आम्हांला बदल कानांनीं कळला. सकाळभर नदी मुकी होती. आतां कांठच्या खडीवरून जातांना ती सारखी सळसळत होती. नौकांना मार्ग दाखविणारे तरंगते बोये वर तळ्यांत ताठ उभे होते. येथें ते प्रवाहाच्या दिशेनें कलले होते, आणि प्रत्येकाच्या मागें पाण्याचा शेपटा निघाला होता. वळणाच्या आंतल्या बाजूस पांढऱ्या खडीचे बांध उघडे पडले होते, आणि त्यांवर मुलें पाण्यांत दगड फेंकीत होतीं.

याच तीरावर विलेनडोर्फ हें खेडें आहे. १९०८ सालीं येथें लोहमार्गाच्या कामाच्या वेळीं चाललेल्या उत्खननांत चुनखडीच्या दगडाची एक स्त्रीमूर्ति सांपडली. उंची अवघी अकरा सेंटिमीटर. वय सुमारें तीस हजार वर्षें. मूळ मूर्ति व्हिएन्नाच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. तिचा दगड या भागांतला नाहीं, हें पूर्वींपासून माहीत होतें. व्हिएन्नाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून तो बहुधा उत्तर इटलींतील गार्डा सरोवराच्या आसपासचा असावा, असें दिसतें. म्हणजे कोणा माणसांच्या हातांतून हातांत, आल्प्स पर्वताला वळसा घालून किंवा त्याच्या खिंडींतून, ती येथवर पायीं आली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसानें सामान थोडें न्यावें हें खरें. पण त्या थोड्यांतहि कोणी ही मूर्ति नेली होती!

विलेनडोर्फच्या पुढें श्पिट्स येतें. येथें डोंगर द्राक्षांच्या मळ्यांनीं पायथ्यापासून माथ्यापर्यंत वेढलेले आहेत. उतार इतका उभा कीं, चुन्यावांचून नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या भिंतींनीं जमीन धरून ठेवावी लागते. अशा पायऱ्यांवर यंत्र चालत नाहीं. द्राक्षें हातानेंच खुडावीं लागतात. गांवाच्या पाठीशीं असलेल्या टेकडीला 'हजार घागरींची टेकडी' अशा अर्थाचें नांव आहे. चांगल्या सालीं तिच्यावरून तेवढा द्राक्षरस निघतो, अशी ख्याति.

श्पिट्सला आम्ही पुन्हां नाव केली. नदीच्या आरपार, दोन तीरांवरील खांबांना बांधलेली एक जाड पोलादी तार उंचावरून गेलेली आहे. तिच्यावर कप्पी फिरते, आणि कप्पीला नाव दोरानें बांधलेली असते. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाशीं तिरपी धरतो. नदी तिला खालीं ढकलूं पाहते, तार जाऊं देत नाहीं, आणि त्या दोघींच्या ओढींत नाव आडवी सरकत पैलतीर गांठते. परत येतांना तोच कोन उलट करावयाचा. मोटारगाड्या, सायकली व माणसें घेऊन ती आवाज न करितां निघाली. मी मोडक्यातोडक्या जर्मन भाषेंत नावाड्याला विचारलें, "याला तेल किती लागतें?" तो हंसला आणि त्यानें नुसतें पाण्याकडे बोट दाखविलें.

सकाळची ग्राइनची नाव मला त्या क्षणीं आठवली. तीच नदी, तेंच पाणी. पण तेथें तिला यंत्रानें ढकलावें लागत होतें, आणि येथें ती आम्हां सर्वांना आपल्या अंगच्या बळानें नेत होती. वाहती नदी आणि थांबविलेली नदी यांतला भेद सांगण्यास मला याहून सोपा दाखला सांपडलेला नाहीं. उजव्या तीरावरील जर्दाळूच्या बागांतून सातएक किलोमीटर जाऊन आम्ही तशाच दुसऱ्या तारेच्या नावेनें वायसेनकिर्खेनला डाव्या तीरावर परत आलों. या पट्ट्यांत धरण झालें असतें, तर या दोन्ही नावा जागच्या जागीं थांबल्या असत्या.

आणि तें होण्याचा प्रसंग खरोखरच आला होता. १९७० नंतरच्या दशकांत वाखाऊमध्यें वीजगृह बांधण्याची योजना पुढें आली. येथल्या रहिवाशांनीं तिला विरोध केला, तो टिकविला, आणि अखेर योजना सोडून देण्यांत आली. पुढें डिसेंबर १९८४ मध्यें व्हिएन्नाच्या पूर्वेस हाइनबुर्ग येथें धरणासाठीं झाडें तोडण्याची वेळ येतांच हजारों माणसें कडाक्याच्या थंडींत नदीकांठच्या रानांत ठाण मांडून बसलीं. नाताळाच्या सुमारास सरकारनें काम थांबविलें, आणि १९९६ सालीं तें रान राष्ट्रीय उद्यान झालें. ऑस्ट्रियांत डॅन्यूब आज मोकळी वाहते ती या दोनच ठिकाणीं. वाखाऊला २००० सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचें स्थान दिलें.

या मोकळेपणाची किंमतहि आहे. वाखाऊच्या गांवांतून जातांना घरांच्या भिंतींवर, दरवाजांच्या बाजूला, पुराच्या खुणा कोरलेल्या दिसतात. प्रत्येकीपाशीं साल लिहिलेलें असतें. ऑगस्ट २००२ आणि जून २०१३ या दोन महापुरांच्या खुणा कित्येक ठिकाणीं माणसाच्या डोक्याच्याहि वर आहेत. क्रेम्सला लागून असलेल्या श्टाइन या जुन्या वस्तींत नदीकडच्या अंगाला ठराविक अंतरानें खांचा ठेवलेल्या आहेत; पुराचा इशारा मिळाला कीं त्यांत खांब उभे करून अल्युमिनियमच्या फळ्या बसवितात, आणि पाणी ओसरलें कीं भिंत काढून ठेवितात. नदीला कायमचें कोंडण्याऐवजीं चार दिवस तिच्यापुरती भिंत उभी करावयाची, असा हा व्यवहार आहे. त्यांत श्रम आहेत, खर्च आहे, धोकाहि आहे. आणि येथल्या लोकांनीं तो समजून उमजून पत्करला आहे.

ड्युर्नश्टाइनला ऊन कलूं लागलें. गांवावरच्या खडकांत पडका किल्ला आहे. क्रूसेडच्या युद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड ११९२ सालच्या डिसेंबरांत ऑस्ट्रियाच्या सरदाराच्या हातीं सांपडला आणि येथें कैदेंत पडला. मोठी खंडणी दिल्यावर १९९४ नव्हे, ११९४ च्या फेब्रुवारींत तो सुटला. त्याच्या कोठडीखालून हीच नदी वाहत होती, आणि त्यानें ऐकला असेल तो आवाज आजहि तेथें ऐकूं येतो. वरच्या दहा पायऱ्यांवर ही गोष्ट आतां बोलतां येणार नाहीं.

तेथून क्रेम्स आठ किलोमीटर. संध्याकाळीं सहाच्या सुमारास आम्ही शहराच्या जुन्या दरवाजापाशीं उतरलों. पाय थकले होते, पण श्रम म्हणावे असे झाले नव्हते.

दिवसाचा हिशेब मांडला तर तो असा आहे. अर्धा दिवस आम्ही माणसाच्या उपयोगीं पडणाऱ्या नदीच्या कांठीं होतों, अर्धा दिवस आपल्या मनानें वाहणाऱ्या नदीच्या. पहिलीनें भोंवऱ्यांतून माणसें वांचविलीं, दिवे लावले, कारखाने चालविले. दुसरी पूर आणते, आणि नावाहि चालविते. कोणती नदी चांगली, हा प्रश्न मला खरा वाटत नाहीं. ज्यांना वीज मिळाली तेहि तेथलेच आणि ज्यांनीं धरण नाकारलें तेहि तेथलेच. परंतु साऱ्या नदीचा जिना करून टाकण्यापूर्वीं थांबून विचार करण्याचा समंजसपणा त्या लोकांनीं दाखविला, आणि त्यामुळें वाहती डॅन्यूब कशी असते, हें त्यांच्या मुलांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तीं तिच्या खडीवर खेळतात. आगगाडींतून जाणाऱ्यास हे दोन्ही प्रवाह सारखेच दिसले असते. सायकलवरून जाणाऱ्यास तसे ते दिसत नाहींत. आणि एवढ्यासाठीं तरी, ज्यांना संधि मिळेल त्यांनीं एखाद्या नदीच्या कांठानें एक दिवस अवश्य जावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.